सृष्टीच्या छातीतला देव

झाकणी हातून निसटली आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिली. स्टीलची झाकणी पडली की लगेच गप्प होत नाही. आधी खणखणते, मग बारीक वाजते, मग जमिनीला चिकटून थरथरत राहते. एरवी आमच्या घरात हा आवाज कुणाच्या कानावरही गेला नसता. पण त्या सकाळी बाहेरच्या खोलीत, जिन्यावर, खिडकीच्या गजांना धरून माणसंच माणसं होती, आणि सगळी गप्प होती. एका दगडाचा श्वास ऐकत होती.

"कोण हाय ते?" सासूबाई दबक्या आवाजात ओरडल्या. "देव श्वास घ्यायलाय हितं, अन् तू भांडी आदळायलीस!"

मी झाकणीवर पाय ठेवला. आवाज थांबला.

स्वयंपाकघराच्या दारातून मला सगळं दिसत होतं. चौरंगावर काचेचा बाऊल, माझ्याच लग्नात आहेर आलेला. बाऊलात पाणी. पाण्याच्या तळाशी सुपारीहून थोडा मोठा, काळा, गोल दगड. त्या दगडातून बारीक बारीक बुडबुडे सुटत होते आणि मोत्याच्या सरासारखे वर येत होते. सूं असा आवाज, कान दिला तरच ऐकू येणारा. बाऊलाच्या एका बाजूला श्वासस्वामी बसलेले. दुसऱ्या बाजूला पाटावर माझी सहा वर्षांची लेक, सृष्टी. तिच्या फ्रॉकची पुढची बटणं उघडी ठेवलेली, छातीवरचा ऑपरेशनचा उभा वण सगळ्यांना नीट दिसावा म्हणून.

"हा श्वास कुणाचा?" स्वामींनी विचारलं.

"देवाचा!"

"हा देव कुठं होता?"

"छातीत!"

"डॉक्टरानं काय काढलं?"

"साल!"

"अन् गर कुणाकडं आला?"

"आपल्याकडं!"

सीताफळं फोडायला बसल्यासारखी साल आणि गराची ही आरती रोज व्हायची. मग स्वामी विज्ञानाकडे वळायचे. "विज्ञान ज्याला ऑक्सिजन म्हणतं, त्याला आपण प्राण म्हणतो. ऑक्सिजनला सिलिंडर लागतं, प्राणाला फक्त भाव लागतो. बघा, माझ्या देवाला नळी आहे का? मास्क आहे का? बिल आहे का?" माणसं हसायची आणि हसता हसता हात जोडायची.

बुडबुडे कमी होत होत थांबले. स्वामींनी दगड पाण्याबाहेर काढला. तेवढ्यात सृष्टी म्हणाली, "परत!"

"काय बाळ?"

"परत टाका ना. मला परत बघायचंय."

"देव थकलाय बाळ," स्वामी म्हणाले. "आता त्याची समाधी. उद्या सकाळी जागा होईल." दगड पंच्यात गुंडाळून त्यांनी गरम राखेच्या भांड्यात ठेवला. मग वाटीभर पाणी सृष्टीच्या वणावरून खाली ओघळवलं. ते पाणी ताटलीत धरलं आणि छातीचं दुखणं असलेल्यांना तीर्थ म्हणून वाटलं. काहीजणांनी बाटलीत भरून नेलं. काठी टेकत आलेली एक म्हातारी वाकली आणि माझ्या लेकीच्या पायाला तिनं कपाळ लावलं. सृष्टीनं पाय वर ओढून घेतले.

"आई, थंडी वाजते," ती दाराकडे बघून म्हणाली.

मी तिथून हलले नाही. बाहेर नवरा होता, सासू होती, सगळं शिरूर अनंतपाळ गाव होतं. मला तोंड लपवायला त्या दाराची चौकट पुरत नव्हती.

हे सगळं सुरू कसं झालं ते आधी सांगते.

सृष्टीच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. उन्हाळ्यात नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. आम्ही लिंगायत. आमच्यात बाळ जन्मलं की काही दिवसांतच त्याच्या अंगावर इष्टलिंग बांधतात, आणि ते जन्मभर अंगावेगळं करायचं नसतं. पण ऑपरेशनच्या खोलीत गळ्यात काहीच चालत नाही. नर्सनं सृष्टीच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढून सासूबाईंच्या हातात दिली, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहिला. लेकरू बिनलिंगाचं टेबलावर गेलं. ती डबी मुठीत घट्ट धरून त्या बाकावर बसून राहिल्या. ना पाणी घेतलं, ना कुणाशी बोलल्या.

सोमेश, माझा नवरा, डॉक्टरांना भेटून बाहेर आला आणि म्हणाला, "भोक बुजवलं. चांगली हाय ती. अन् आई, छातीत तिच्या एक गोल गोटी होती म्हणे. जन्मापासून. श्वासनळीचीच. ती बी काढली."

सासूबाईंनी मान वर केली. "काय होतं?"

"गोल गोटीवाणी. हृदयाच्या बाजूला."

"जन्मापासून?"

"हाव. जन्मापासून."

त्यांनी मूठ उघडली, चांदीच्या डबीकडे पाहिलं आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. "मंजी माझं लेकरू बिनलिंगाचं नव्हतं. आतून बांधलेलं होतं की गं."

आजीचं प्रेम बोलत होतं ते. मलाही रडू आलं. पण त्याच बाकावर बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला आलेला मल्लिनाथ बसला होता. सासूबाईंचा लांबचा भाऊ. उदगीरला त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं, ते बसलं होतं, आणि तो नवीन काहीतरी शोधत होता. आमच्या घरातलं रडू त्यानं झेललं आणि कव्हर चढवावं तसं त्यावर शास्त्र चढवलं. "अक्का, ह्याला प्राणलिंग म्हणतात," तो म्हणाला.

आम्ही घरी आलो. पट्ट्या निघाल्या. त्या दिवशी मल्लिनाथ सृष्टीला आशीर्वाद द्यायला आला, आणि तो गेल्यावर सासूबाईंना तिच्या उशीखाली काळा गोल दगड सापडला. मल्लिनाथ अर्ध्या वाटेवरून परत आला. त्याला म्हणे चाहूल लागली होती. डॉक्टरांनी नेली ती वरची साल, आतला देव भक्ताघरी आपण होऊन आला, असं त्यानं सांगितलं. दगड पाण्यात टाकला, दगडानं श्वास घेतला, आणि मल्लिनाथमामा श्वासस्वामी झाला. सृष्टीचं इष्टलिंग परत बांधायला घेतलं तेव्हा त्यानंच अडवलं. "आत प्रकटल्यावर बाहेरून कशाला?" ती डबी देवघरात पडून राहिली.

तपासणीसाठी आम्ही तिघं नांदेडला गेलो, दिवाळीच्या थोडं आधी. डॉक्टर सुदर्शन यांनी सृष्टीच्या छातीला नळी लावली, तिला दोन उड्या मारायला सांगितल्या, आणि खूश झाले. मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, ती जी गोटी काढली, ती नक्की काय होती?"

"गोटी नाही हो. पिशवी." त्यांनी हातमोज्याचं एक बोट फुगवून दाखवलं. "बाळ पोटात घडतं तेव्हा श्वासनळीला झाडासारख्या फांद्या फुटतात. एखादा कोंब फांदीपासून सुटतो आणि बाजूला पडून राहतो. त्याचं काम श्वासनळीचंच, ओलावा सोडायचं. पण बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो ओलावा आतच साठत जातो. बोराएवढी पिशवी आणि आत चिकट पाणी. फार कमी मुलांत असते. बऱ्याचदा त्रासही देत नाही, म्हणून कळत नाही. आम्ही गेलो होतो भोक बुजवायला, ही वाटेत दिसली."

"आधीच्या तपासणीत का नाही दिसली?"

"ती तपासणी हृदयाची होती. ही मागं आडोशाला बसली होती. पुढं वाढून तिनं श्वासनळी दाबली असती, म्हणून काढून टाकली." मग ते थांबले. "बरं, प्रेमची आई तुमची कोण?"

"माझी बहीण," सोमेश म्हणाला. अंजू, माझी नणंद. तिचा प्रेम चार वर्षांचा आहे. त्याच्याही हृदयाला भोक, सृष्टीपेक्षा मोठं आणि अवघड जागी. दिवाळीनंतर त्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"त्यांनी काल फोन करून नको म्हणून सांगितलं. म्हणाल्या, भावाच्या घरी औषध चालू आहे, त्यानं भोक बुजतं. कसलं औषध देता तुम्ही?"

सोमेश भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. मी सृष्टीची वेणी नीट केली, जी नीटच होती. शेवटी सृष्टीच म्हणाली, "माझ्यावर ओतलेलं पाणी."

डॉक्टर आधी हसले. मग आमची तोंडं पाहिली आणि हसू गेलं. "हे बघा, त्या पोराच्या फुप्फुसातला रक्ताचा दाब चढत चाललाय. आज ते भोक बुजवता येतं. दाब हद्दीबाहेर गेला की मग मी तर सोडाच, कुणीही हात लावू शकणार नाही. तुमच्या मुलीचं नाव सांगून त्याची आई घरी बसली आहे."

लोहा मागे पडलं, अहमदपूर आलं. सृष्टी मांडीवर झोपली होती.

"तपासायला ती बरणी लॅबमध्ये तुम्हीच नेली होती ना?" मी विचारलं. काढलेला तुकडा नातेवाइकानंच न्यायचा असतो.

"हाव."

"दगड होता आत?"

सोमेश रस्त्याकडे बघत म्हणाला, "कशाचा दगड. फुटलेल्या फुग्याचं रबर असतंय बघ, तसलं मऊ."

"मग बोलला का नाहीत?"

"आईकडं बघितलंस का तू? दवाखान्यातून आल्यापास्नं तिच्या जिवाला लागलं होतं, लिंग काढू दिलं म्हणून. ह्या मल्लिनाथमामानं तिला जेवायला लावलं. मी काय सांगू तिला?"

त्याच्यावर ओरडावं असं फार वाटलं. पण रोज दारात उभं राहून मी तरी काय करत होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात दिवाळीच्या पणत्या भिजत घालत होते. नवीन पणत्या सगळ्याच बायका भिजत घालतात, नाहीतर त्या तेल पितात. माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. मी बादलीत पाच-सहा पणत्या एकदम सोडल्या आणि दुसऱ्या आणायला वळले.

"आई! ह्या पण श्वास घेतात!"

सृष्टी बादलीवर वाकली होती. पणत्यांतून बारीक बुडबुडे सुटत होते, मोत्याच्या सरासारखे. सूं असा आवाज येत होता. इतकी वर्षं मी दर दिवाळीला हा आवाज ऐकला आहे आणि एकदाही ऐकला नाही. गेले कित्येक दिवस तोच आवाज माझ्या घराच्या बैठकीत चालू होता आणि तिथंही मी तो ओळखला नाही. कोरी भाजकी माती. तिच्या बारीक भोकांत हवा असते. पाणी आत शिरतं, हवा बाहेर पडते. मी विज्ञान घेऊन पदवीधर झालेली बाई आहे.

सृष्टीनं एक पणती बाहेर काढली, निरखली, परत पाण्यात टाकली. काहीच झालं नाही. तिनं पुन्हा टाकली. "आता नाही घेत," ती म्हणाली. "थकली."

मी ती भिजकी पणती तव्यावर ठेवली आणि मंद आचेवर पार कोरडी होऊ दिली. गार झाल्यावर सृष्टीकडे दिली. तिनं पाण्यात टाकली. पणतीला श्वास परत आला. गरम राखेतली समाधी म्हणजे काय, ते मला माझ्या गॅसच्या शेगडीनं दाखवलं.

अंजू त्या दिवशी प्रेमला घेऊन आमच्याकडेच मुक्कामाला होती. मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं, सगळं करून दाखवलं, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. ती ओट्याला टेकून बघत राहिली. प्रेम तिच्या कडेवर होता. नुसता अंगणातून आत पळत आला होता तरी त्याची छाती भात्यासारखी हलत होती.

"पणती मातीची असती वैनी," ती म्हणाली. "देव कशाला पणतीवाणी वागंल?"

"तेच विचारते मी. कशाला वागेल?"

मग एकदम तिचा आवाज फुटला. "तुमचं निभावलं म्हणून तुमाला सोपं वाटायलंय. माझ्या लेकराची छाती फाडायची, हृदय बंद पाडायचं, अन् मी बाहेर बाकावर बसायचं? न्हाई उठला तर? पाणी पिल्यानं काय बिघडतंय?"

"पाण्यानं नाही बिघडत. वेळ जातो, त्यानं बिघडतं."

तिनं प्रेमच्या पाठीवरून हात फिरवला. "उद्या सोमवार हाय. आई उद्या सडकंवरची जमीन स्वामींना मठ बांधाया देते म्हणून सांगणार हाय. सगळ्यांच्या म्होरं इचारा त्यांना. खोटं निघालं तर मी माझ्या पायानं नांदेडला जाते. खरं निघालं तर परत माझ्या लेकराच्या ऑपरेशनचं नाव काढायचं न्हाई. बोला."

"बोलले," मी म्हणाले. ओले हात मी पदराला पुसले.

सोमवारी माणसं रस्त्यापर्यंत होती. मी सकाळीच सृष्टीच्या फ्रॉकची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि तिला मांडीवर घेऊन बसले.

"बटणं काढ की," सासूबाई म्हणाल्या. "लोकांस्नी दर्शन..."

"तिला थंडी वाजते आई."

स्वामींनी माझ्याकडे पाहिलं, पण गर्दीपुढे काही बोलले नाहीत. दगड पाण्यात गेला. बुडबुडे आले. साल आणि गर झालं. हात जोडले गेले. मग मी उठले, पाण्याची परात आणि पणत्यांची टोपली आणून मधोमध ठेवली.

"सगळ्यांनी एकेक पणती टाका यात," मी म्हणाले.

कुणी हललं नाही. शेवटी गुरुपादप्पा पुढे झाले. आमच्या गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे, पहाटे हातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय चहासुद्धा न घेणारे. त्यांनी एक पणती सोडली आणि डोळे मोठे केले. "अबब! माझी तर तुमच्यापेक्षा जोरात घ्यायली की हो श्वास!"

हशा पिकला. पोरं पुढे घुसली. परातभर पणत्या सूं करू लागल्या. मला वाटलं, झालं.

पण स्वामी शांतपणे हसले. "वा! सूनबाईंनी स्वतःच सिद्ध केलं. शिव कुठं नाही? मातीत आहे, पणतीत आहे. या घरात प्राणलिंग आलं आणि इथल्या पणत्यासुद्धा श्वास घ्यायला लागल्या!"

"हर हर महादेव!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या खोलीनं साथ दिली. सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तूसुद्धा आता मान. अंजू भिंतीला टेकून उभी होती. तिनं प्रेमला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मी एक पणती बाहेर काढली आणि परत पाण्यात टाकली. "आता का नाही घेत?"

"अं?"

"शिव पणतीत होता ना. एवढ्यात कुठं गेला?"

गुरुपादप्पांनी स्वतःची पणती काढून परत टाकली. पोरांनीही टाकल्या. परात गप्प.

"आता तुमचा देव परत टाका मामा," मी म्हणाले. "आत्ता. राखेत न ठेवता."

"देव थकलाय."

"पणती बी थकली की!" गुरुपादप्पा म्हणाले. "दोघांचा दम सारखाच दिसतोय."

स्वामी घाईनं दगड पंच्यात गुंडाळायला लागले. "जिथं संशय असतो तिथं देव श्वास रोखून धरतो..."

"आई," सोमेश म्हणाला.

तो दाराशी उभा होता. आवाज इतका बारीक होता, की आधी कुणाला कळलंच नाही तो बोलतोय. "आई, ती बरणी मी नेलती लॅबला. दगड नव्हता आत. साल बी नव्हती, गर बी नव्हता. पाण्याची पिशवी होती नुसती, रिकामी झालेली. मी तुला सांगाय पायजे होतं."

सासूबाई उठल्या, भावाच्या हातातून पंचा घेतला, दगड काढला, आणि स्वतःच्या हातानं बाऊलात सोडला.

खोलीत पुन्हा तशीच शांतता झाली. सगळे कान देऊन ऐकत होते. काहीही ऐकू आलं नाही.

"थांबा जरा, येईल," मागून एक बाई म्हणाली. कुणी तिला गप्पही केलं नाही. सगळे थांबले. नाही आला.

सासूबाईंनी दगड बाहेर काढला आणि अंगठ्याच्या नखानं खरवडला. नखात काळं आलं. त्याखाली विटेचा लाल रंग होता. त्यांनी आणखी खरवडला, मग पदरानं घासला, आणि तळहातावर तो तुकडा धरून उभ्या राहिल्या. गोल घासलेला, काळा रंगवलेला विटेचा तुकडा.

"मल्लिनाथ," त्या म्हणाल्या, "माझ्या लेकराला उघडं बसिवलंस रे."

एवढंच. श्वासस्वामी दाराकडे सरकले. नास्तिकांचं घर, कलियुग वगैरे काहीतरी बोलत होते, पण बाहेर चपलांचा एवढा ढीग होता की त्यांना स्वतःची जोडी सापडेना. शेवटी एकाच पायात चप्पल घालून ते गेले. कुणी मारलं नाही, कुणी अडवलं नाही. बरेच लोक जमिनीकडे बघत होते. त्या लोकांनी माझ्या लेकीच्या पायावर डोकी ठेवली होती.

गुरुपादप्पा सासूबाईंजवळ गेले. "शिवगंगा, लिंग माणूस बांधतो. रोज हातावर घेतो, त्याच्याकडं बघून नीट वागायचं ठरिवतो. ते कुणाच्या छातीत उगवत न्हाई. उगवत असतं तर आपल्या वाडवडलांनी बांधायचं कष्ट कशाला घेतले असते?"

त्या देवघरात गेल्या, ती चांदीची डबी घेऊन आल्या आणि सृष्टीच्या गळ्यात बांधली. गाठ मारताना त्यांची बोटं चुकत होती. मी मदत केली नाही. ते काम त्यांचं होतं.

अंजू प्रेमच्या स्वेटरची बटणं लावत होती. "दादा," तिनं सोमेशला विचारलं, "नांदेडची पहिली गाडी कवा हाय?"

प्रेमचं भोक बुजवलं. तो वॉर्डात आहे, नर्सला त्रास देतो, आणि डब्यातली खिचडी नको म्हणतो. डॉक्टर सुदर्शन अंजूला म्हणाले, "याच्या छातीत देव-बिव काही सापडला नाही हं, नुसतं भोक होतं." अंजू हसली, मग तिथंच बाकावर बसून रडली.

गावात सगळे माझ्यावर खूश आहेत असं नाही. काहीजण म्हणतात, माझ्या संशयानं देव निघून गेला. सासूबाई माझ्याशी बोलतात, पण बोलताना दुसरीकडे बघतात. देव खोटा निघाला याचं त्यांना तेवढं दुःख नाही. आपण नातीचा तमाशा केला, हे त्यांना गिळवत नाही. मलाही गिळवत नाही. सृष्टी दुपारची झोपते तेव्हा मी हे थोडं थोडं लिहिते आहे, ते कुणाला शहाणं करण्यासाठी नाही. आमच्या घरी घडलं ते तुमच्या घरी घडू नये म्हणून.

मुलाच्या शरीरात जन्मापासून काही वेगळं असू शकतं. भोक असतं, पिशवी असते, कधी एखादं बोट जास्त असतं. तो देवाचा कोप नाही आणि प्रसादही नाही. शरीर घडताना झालेली ती गडबड आहे, आणि बऱ्याचदा ती दुरुस्त करता येते. ज्या घरात भीती आणि प्रेम एकत्र बसलेली असतात, त्या घराचं दार असल्या स्वामींना सहज उघडतं, जसं आमचं उघडलं. म्हणून कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो लगेच, तुमच्या भांड्यात, तुमच्या हातानं परत करायला सांगा. देव असेल तर त्याला राग येणार नाही. आणि तोवर आजारी मुलाला डॉक्टरांकडे न्या. वाट बघू नका.

हे आज लिहून संपवायचं ठरवलं होतं. सृष्टी उठली आणि डोळे चोळत माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, त्या लाल टोपीच्या बाळाला सांगितलं का कुणी?"

"कुठलं बाळ गं?"

"ते नाही का. त्याचे ओठ जांभळे होते. मी त्याच्या आईला विचारलं, यानं जांभळं खाल्ली का, तर ती म्हणाली, न्हाई माय, ह्याचं असंच हाय. तिनं मोठी बाटली भरून नेली. लांबून आले होते ते, दोन बस बदलून."

मला ते बाळ आठवेना. मी ते पाहिलंच नव्हतं.

"आई, त्यांना कोण सांगणार, ते नुसतंच पाणी होतं म्हणून?"